दोन्ही पालक तपकिरी शिरेचे, मग एफ१ पांढऱ्या शिरेची कशी?

कोवळं_पान
नमस्कार. मी चारा ज्वारीवर प्रबंधाचं काम करतेय. दोन बीएमआर लाइन क्रॉस केल्या, म्हणजे ज्यांच्या पानाची मधली शीर तपकिरी असते आणि ताटात लिग्निन (ताट कडक करणारा घटक) कमी असतं त्या. बीएमआर हा गुण अप्रभावी आहे आणि दोन्ही पालकांत तो आहे, तेव्हा संकरही तपकिरीच येणार असं मी धरून चालले होते. मादीच्या फुलांतले परागकोश हाताने काढले, कणसांना पिशव्या बांधल्या. आता एफ१, म्हणजे संकराची पहिली पिढी, शेतात उभी आहे आणि झाडून सगळ्या झाडांची शीर पांढरट! एकही तपकिरी नाही. मादी लाइन टॅन (झाडाचा रंग फिकट, जांभळी छटा नसलेला) आहे, नर जांभळ्या रंगाचा. एफ१ची सगळी झाडं जांभळी आली आहेत आणि दोन्ही पालकांपेक्षा उंच आहेत. विभागात सगळे म्हणतात, बाहेरचे पराग आले, काढून टाक. मला ते पटत नाही, पण दुसरं कारणही सुचत नाही.

मातीवास
बाहेरचे परागच असणार. पिशवी फाटली किंवा उशिरा बांधली की असं होतं. दोन अप्रभावी पालकांपासून प्रभावी संतती येऊच शकत नाही, हे मेंडेलपासून शिकवलं जातं.

शीरदर्शी
कोवळं_पान, ती झाडं काढू नका! तुमचा क्रॉस बहुधा अगदी बरोबर झालाय.

आधी परागांचं बघू. तुमच्या हातून परागकोश राहिले असते तर मादीचं स्वपरागण होऊन काही झाडं तपकिरी शिरेची आणि टॅन निघाली असती. तशी एकही नाही. म्हणजे परागकोश काढण्याचं काम तुम्ही चोख केलंय. आणि पिशवीत बांधलेल्या कणसाचा एकूणएक दाणा बाहेरच्या परागाने भरला, हे मानायला फार मोठा योगायोग लागतो.

मातीवास म्हणतात ते खरं आहे, पण दोन्ही पालकांत बिघाड एकाच जनुकात असेल तरच. ज्वारीत तपकिरी शीर एका जनुकामुळे येत नाही. १९७८ साली पर्ड्यू विद्यापीठातल्या लोकांनी रसायनाने उत्परिवर्तन घडवून अशा अनेक लाइन मिळवल्याचं प्रसिद्ध केलं. पैदाशीत आज सगळ्यात जास्त वापरात आहेत त्या बीएमआर-६ आणि बीएमआर-१२. बीएमआर-६ मध्ये सीएडी हे विकर निकामी आहे, बीएमआर-१२ मध्ये सीओएमटी. बीएमआर-२ मधला बिघाड तर त्याच्याही बराच आधीच्या पायरीवर, ४सीएल या विकरात आहे.

लिग्निन तयार होण्याच्या एकाच वाटेवर हे वेगवेगळे पूल आहेत असं समजा. तुमच्या मादीचा एक पूल तुटलाय आणि नराचा दुसरा. एफ१ला मादीकडून सीओएमटीची चांगली प्रत मिळाली आणि नराकडून सीएडीची, किंवा याच्या उलट. दोन्ही पूल उभे, वाट मोकळी, शीर साधी. यालाच पूरकता चाचणी म्हणतात. ज्याला तुमच्याकडे चूक म्हणताहेत, तो खरं तर निष्कर्ष आहे: तुमच्या दोन लाइनमधली जनुकं वेगळी आहेत. प्रबंधात हे ठळकपणे लिहा.

पडताळा सोपा आहे. एफ१ दोन्ही पालकांवर परत क्रॉस करा. दोन्हीकडे निम्मी झाडं तपकिरी यायला हवीत. एफ२ मध्ये, म्हणजे एफ१च्या स्वपरागणातून येणाऱ्या पुढच्या पिढीत, ३:१ न येता ९ साध्या शिरेची आणि ७ तपकिरी असं प्रमाण येईल, कारण सीएडीचं जनुक चौथ्या गुणसूत्रावर आहे आणि सीओएमटीचं सातव्या, त्यामुळे ती स्वतंत्रपणे वाटली जातात. (हे आकडे तुमची जोडी बीएमआर-६ आणि १२ची आहे असं धरून.)

मोजताना पान उलटून खालच्या बाजूने शीर बघा, तिथे रंग स्पष्ट दिसतो. शंका आली तर ताट सोलून आतला भाग पाहा, तपकिरी छटा तिथेही असते. फार लहान रोपांवर निवाडा करू नका आणि पीक वाळेपर्यंतही थांबू नका, रंग फिकट होत जातो. आणखी एक, ज्वारीत पांढरी शीर आणि मळकट हिरवी शीर हा वेगळाच गुण आहे. तो ताट कोरडं की रसाळ हे सांगतो. त्याची सरमिसळ बीएमआरशी करू नका.

गोठा_आणि_गाय
मी जनावरं सांभाळतो, जनुकांतलं फारसं कळत नाही. मला एवढंच सांगा, लिग्निन जितकं कमी तितका चारा चांगला, असं धरून चालू का?

शीरदर्शी
नाही, गोठा_आणि_गाय, टक्केवारी हे अर्धंच उत्तर आहे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात हवा नसते आणि तिथले जंतू हवेशिवाय लिग्निन फोडू शकत नाहीत. लिग्निन स्वतः पचत नाही, हा त्यातला छोटा तोटा. मोठा तोटा असा की ते शेजारच्या पचण्याजोग्या तंतूंना घट्ट धरून ठेवतं. गवतवर्गीय पिकांत ही पकड बरीचशी फेरुलिक आम्लाच्या दुव्यांची असते. ते एका टोकाने हेमिसेल्युलोजला आणि दुसऱ्या टोकाने लिग्निनला जोडलेले असतात. म्हणून सारख्या लिग्निनचे दोन चारे वेगवेगळे पचू शकतात. त्यात भर म्हणजे बीएमआर-१२ मध्ये लिग्निनचा घाटच बदलतो: सिरिंगिल घटक खूप घटतात आणि एरवी जवळपास न दिसणारे ५-हायड्रॉक्सी ग्वायसिल घटक येतात.

तुम्ही बघायचा आकडा एनडीएफच्या, म्हणजे चाऱ्यातल्या तंतूंच्या, पचनीयतेचा. १९९९ सालच्या एका गाजलेल्या संकलनात ही पचनीयता एका टक्क्याने वाढली की गाय दिवसाला ०.१७ किलो शुष्क पदार्थ जास्त खाते आणि ४ टक्के फॅटच्या हिशेबाने ०.२५ किलो दूध जास्त देते, असं निघालं. मात्र दोन वाणांची तुलना एकाच अवस्थेत कापलेल्या चाऱ्यावर करा. उशिरा कापलेला बीएमआर लवकर कापलेल्या साध्या ज्वारीपुढे हरू शकतो.

लोळण्याचंही विचारून घ्या. मक्यातल्या बीएम३ मध्येही हेच सीओएमटी बिघडलेलं असतं, आणि त्याचं उत्पादन घटतं, ताटं कमकुवत होतात ही जुनी तक्रार आहे. पण मूळ लाइन दणकट असेल तर फरक बराच कमी राहतो. एकच जनुक एका लाइनमध्ये आडवं पडतं आणि दुसरीत ताठ उभं राहतं, हे मी शेजारशेजारच्या ओळींत पाहिलंय. म्हणून नुसत्या ‘बीएमआर’ या शिक्क्यावर बियाणं घेऊ नका.

कोवळं_पान
शीरदर्शी, मनापासून आभार! एफ२ घेतेच. त्यात दोन्ही बिघाड असलेलं झाड ओळखायचं कसं? शीर तर सगळ्यांची तपकिरीच दिसेल ना?

शीरदर्शी
हो, डोळ्यांनी वेगळं काढता येणार नाही. असं झाड १६ मागे एक येतं. निदान एक तरी मिळण्याची ९५ टक्के खात्री हवी असेल तर एफ२ची ४७ झाडं लागतात. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट लावा, म्हणजे निवडीला वाव राहील. नेहमीच्या बीएमआर-६ आणि बीएमआर-१२ या दोन्हींत एकेका अक्षराच्या बदलामुळे प्रथिन मध्येच तुटतं, त्यामुळे डीएनए मार्करने रोपावस्थेतच निवाडा होतो. मार्करची सोय नसेल तर प्रत्येक तपकिरी झाड दोन्ही पालकांशी क्रॉस करा. ज्याची संतती दोन्हीकडे पूर्ण तपकिरी, ते तुमचं झाड. त्याच झाडाचं एक कणीस सेल्फ करायला (स्वतःच्याच परागाने भरू द्यायला) विसरू नका (मुख्य कणीस क्रॉसमध्ये गेलं तर फुटव्याचं ठेवा), नाहीतर ओळख पटेल तेव्हा बी हाताशी नसेल. दुहेरी झाडात लिग्निन आणखी उतरतं, तेव्हा पहिल्या दिवसापासून उंची आणि लोळणं टिपत राहा.