बावन्न दरवाजे सगळे औरंगजेबाचे?

खडकीकर: काल इथं कुणीतरी आपल्या औरंगाबादबद्दल (आताचं छत्रपती संभाजीनगर) लिहिलं, 'शहरातले दरवाजे औरंगजेबाचे, वाहतूक अडवतात, पाडा आणि रस्ते रुंद करा.' रात्रभर डोक्यातून गेलं नाही. भडकल दरवाजा १६१२ चा आहे. निजामशाहीचा वजीर मलिक अंबरनं मुघलांवरच्या विजयाची खूण म्हणून बांधलेला. औरंगजेबाचा तट आला १६८२ ला, सत्तर वर्षांनी. ज्यांना हरवलं त्यांच्याच नावावर दरवाजा चढवता?

गुलमंडीवाला: लिहिणारा मीच. दिल्ली, पैठण, जालना, मक्का हे दरवाजे तटाचेच ना? आणि अंबरचा विजय किती टिकला? १६१६ ला रोषणगावला हरला, मुघलांनी खडकी, म्हणजे हेच शहर, लुटली. माझे वडील छातीत दुखत असताना मक्का दरवाज्यापाशी रिक्षात अडकले होते. तेव्हा मला इतिहास सुचला नाही.

खडकीकर: वडिलांचं वाईट वाटलं. पण दिल्ली दरवाज्याला वळसा घालून रस्ता गेलाच की, पाडावं कशाला? रोषणगावच्या आधी निजामशाहीतले सरदार लखुजी जाधव मुघलांना जाऊन मिळाले होते, तेही सांगा. आणि १६२४ ला भातवडीला त्याच अंबरनं मुघल आणि आदिलशाही, दोघांच्या फौजा मोडल्या. शहाजीराजे सोबत होते, त्यांचे भाऊ शरीफजी तिथंच पडले.

बेगमपुरेकर: दगडांवरून भांडताय, पाण्याचं कोण बोलणार? याच अंबरनं नहर आणली. डोंगराकडचं पाणी जमिनीखालून, खापरी नळांतून, नुसत्या उतारावर गावात. आपण पन्नासेक किलोमीटरवरच्या जायकवाडीतून पाणी वर चढवतो आणि नळ आठव्या दिवशी येतो! बहिणीच्या लग्नात पाहुण्यांच्या आंघोळीला टँकर मागवला, तो दुपारी आला. माझ्या आजोळच्या वाड्यात नहरीचा हौद होता, आजी उन्हाळ्यातही त्यातूनच घागर भरायची. वर घरं झाली, रस्ते खोदले, नळ फुटले, कुणी विचारलं नाही.

जालनेकर: पाणचक्कीचं पाणी बघा, अजून पडतं. अंबरचीच कमाल.

बेगमपुरेकर: पाणचक्कीची नहर वेगळी आहे हो, बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्याची! सगळं एकाच पोत्यात भरू नका.

गुलमंडीवाला: नहरीचं कौतुक पुरे. २०११ च्या जनगणनेतच शहर पावणेबारा लाखांचं होतं. खापरी नळांवर एवढी माणसं जगतील?

बेगमपुरेकर: सगळ्यांना पाजा असं कोण म्हणालं? जुन्या शहरातली बाग, मशीद, देऊळ, धुणीभांडी तरी भागतील. तेवढंच जायकवाडीचं पाणी वाचेल.

खडकीकर: धागा दरवाज्याचा होता.

गुलमंडीवाला: बरं, भडकल अंबरचा, १६१२ चा, लिहून घ्या. तो पाडा असं यापुढं म्हणणार नाही. तटाच्या दरवाज्यांवर माझं मत तेच आहे.

बेगमपुरेकर: आणि नहरीच्या मार्गावर नवी बांधकामं बंद करा, हे कोण लिहून घेणार?