दाफ्नीचे झाड होणे: मीलन की आश्रय?

इटालियन शिल्पकार बर्निनीच्या ‘अपोलो आणि दाफ्नी’ या संगमरवरी शिल्पात माणूस आणि निसर्ग यांचे मीलन दिसते, असे म्हटले जाते; त्याला थोडी पुस्ती जोडावीशी वाटते. रोमन कवी ओव्हिडने सांगितलेल्या कथेत अपोलो या देवाच्या पाठलागाने थकलेली अप्सरा दाफ्नी आपल्या पित्याला, म्हणजे पेनेउस या नदीदेवाला साकडे घालते आणि तिचे लॉरेलचे झाड होते. त्यामुळे येथे निसर्ग तिचा आश्रय ठरतो. मीलनाची ओढ आहे ती एकट्या अपोलोला.

१६२२ ते १६२५ या काळात कार्डिनल (कॅथलिक चर्चमधील वरिष्ठ धर्मगुरू) शिपिओने बोर्गेझे यांच्यासाठी घडवलेल्या आणि आजही रोमच्या बोर्गेझे संग्रहालयात असलेल्या या शिल्पात बर्निनीने नेमका हाच मुद्दा हेरला आहे. अपोलोचा डावा हात तिच्या कमरेशी पोहोचतो खरा, पण तळव्याखाली त्वचेऐवजी खोडाची साल येते. पायांच्या बोटांना मुळे फुटली आहेत आणि हातांच्या बोटांतून उमललेली पाने इतकी पातळ आहेत की तो दगड आहे हे पटत नाही. (त्या नाजूक कामाचे बरेचसे श्रेय जुलियानो फिनेल्ली या साहाय्यकाला दिले जाते, जे बहुधा विसरले जाते.)

कथेचा शेवटही विचारात घ्यायला हवा, कारण दाफ्नी हाती न लागल्यावर अपोलो त्या झाडालाच आपले घोषित करतो आणि पुढे विजेत्यांच्या मस्तकी त्याच्याच पानांचा मुकुट चढतो.