वॉफल मेकरमध्ये साबुदाणा वडा चिकटतोय, मदत हवी आहे (अजून काय काय करता येईल तेही सांगा)

नमस्कार मंडळी,

सासऱ्यांची अँजिओप्लास्टी झाली. तब्येत आता छान आहे, पण तळलेलं पूर्ण बंद. बाकी कशाची त्यांची तक्रार नाही, साबुदाणा वडा मात्र जीव की प्राण. मागच्या चतुर्थीला आम्ही सगळे वडे खात होतो आणि ते मुकाट्याने वरईचा भात आणि दाण्याची आमटी जेवून उठले. तेव्हापासून माझ्या डोक्यात हाच विषय आहे.

घरात मुलाचा वॉफल मेकर आहे, खोल चौकोनी खाचांचा. दोन्ही बाजूंनी एकदम तापतो, तेल ब्रशने लावण्यापुरतंच लागतं, आणि खाचांमुळे कुरकुरीत भाग अप्पेपात्रापेक्षाही जास्त मिळतो. त्यात वडे करून पाहिले. चव खरंच सुरेख येते. पण सुरुवातीचे नीट सुटतात आणि पुढचे झाकण उघडलं की आडवे दुभंगतात, अर्धा वरच्या प्लेटला, अर्धा खालच्या. मग खाचांत बसलेला साबुदाणा काडीने टोकरत बसा.

प्रमाण: भिजवलेला साबुदाणा २ वाट्या, मध्यम बटाटे २, दाण्याचा कूट पाऊण वाटी, मिरची, जिरं, मीठ, चिमूटभर साखर, लिंबू.

चिकटू नये म्हणून काय करू? आणि तळणीचे किंवा तव्यावरचे आपले कोणते पदार्थ यात चांगले होतात? चॉकलेट, केक वगैरे नकोत, ते मुलाला सगळे येतात.

खमंग
ताई, प्रमाण बरोबर आहे. पाणी कुठून येतंय ते बघा. साबुदाणा बुडेल इतकंच पाणी ठेवून भिजवा, सकाळी दाणा बोटात सहज चिरडला पाहिजे पण हाताला ओल लागता कामा नये. बटाटे आदल्या रात्री उकडून फ्रिजमध्ये ठेवा आणि किसून घाला, गरम बटाटा कुस्करला की चिकट होतो. वर चमचाभर राजगिऱ्याचं पीठ.

दुसरं, एक घाणा निघाला की लगेच पुढचा घालू नका. प्लेट थंडावलेली असते. झाकण लावून पुन्हा पूर्ण तापू द्या, मग तेलाचा ब्रश फिरवा आणि मगच गोळा ठेवा. तुमचे पुढचे वडे का चिकटतात, त्याचं कारण मला तरी हेच दिसतंय.

ओसाकाकर
इथे जपानात मोची वॉफल मेकरमध्ये घालतात, मोफल म्हणतात त्याला. मोची म्हणजे चिकट तांदळाचा गोळा, साबुदाण्याचा सख्खा भाऊ. सुरुवातीला ती प्लेटला घट्ट धरते आणि बाहेरून कडक पापुद्रा धरला की आपोआप सोडते. त्यामुळे घाई अजिबात नको. कडेने वाफ येते ती बघत राहायचं. वाफ जवळजवळ थांबली की झाकण हलकेच उचलून पाहा. ओढ लागली तर परत मिटा आणि आणखी दोन मिनिटं थांबा. जोर लावलात की दुभंगलाच.

सुगरणीचा_खोपा
तेलाचा डब्यातला फवारा वापरत असाल तर बंद करा. नॉनस्टिकवर त्याचा चिकट थर बसतो आणि तो घासून जात नाही. साधं शेंगदाण्याचं तेल आणि सिलिकॉनचा ब्रश बरा.

इतर पदार्थांत हांडवो (आंबवलेल्या डाळ-तांदळाच्या पिठाचा गुजराती पदार्थ) पहिला नंबर. आमच्या शेजारच्या बेन नेहमी यातच करतात. दुधी किसून घट्ट पिळायचा, पीठ इडलीपेक्षा दाट, आणि मोहरी-तिळाची फोडणी पिठातच मिसळायची. मुगाच्या डाळीचं धिरडंही सुंदर होतं, डाळ भिजवून जाडसर वाटा. उरलेल्या खिचडीत थोडं बेसन आणि कोथिंबीर घालून लावलीत तर मुलं मागून खातील. कोथिंबीर वडी उकडून मग तुकडे यात ठेवा, कच्चं पीठ थेट घातलं तर मधे गिच्च राहतं.

भाजणीवाली
थालीपीठ मात्र यात करू नका. पीठ दाबलं जातं, मऊपणा जातो आणि लाकडासारखं कोरडं होतं. थालीपिठाला तवा, मधली भोकं, कडेने थेंब थेंब तेल आणि वर झाकण हवंच. सगळंच एका यंत्रात कोंबायला नको.

ज्यांनी धागा काढला त्या
सगळ्यांचे मनापासून आभार! आज बटाटे रात्रीचेच वापरले, आणि दर घाण्याला प्लेट पूर्ण तापू दिली. एकही वडा फाटला नाही. बाबांनी दह्याच्या चटणीबरोबर दोन खाल्ले आणि तिसरा मागितला, तो मी दिला नाही. साबुदाणा, दाणे किती चालतील ते डॉक्टरांना विचारूनच ठरवलंय.

खमंग, राजगिऱ्याऐवजी शिंगाड्याचं पीठ चालेल का? आणि आत जरा जास्त मऊ हवा असेल तर गोळा मोठा घ्यावा की बटाटा वाढवावा?

खमंग
शिंगाडा चालेल, पण अर्धाच चमचा, जास्त झाला तर कडक होतो. बटाटा वाढवू नका, गोळा लिंबाहून मोठा घ्या आणि झाकण दाबू नका, नुसतं टेकवा. पहिल्या मिनिटात ते आपोआप खाली बसतं.