प्रति: दोन फटके दिले की सरळ होतात
तीन वर्षांच्या पोराला दोन फटके दिले की सरळ होतं, हे वर लिहिलंय ते अजिबात पटलं नाही. त्या वयात राग आवरणारा मेंदूचा भाग नुकता कुठे घडायला लागलेला असतो, पंचविशीपर्यंत चालतं ते काम. आमच्या मालवणात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा बाबा घरी, पोर दिवसभर त्याच्या खांद्यावर, आणि ऑगस्टात ट्रॉलर निघाला की तेच पोर ताटली फेकतं, चावतं, मग आपण म्हणतो हट्टी झालाय. माझ्या लेकानं पेजेचा वाडगा उपडा केला तेव्हा माझाही हात उठला होता, पण खाली बसले, जवळ घेतलं, 'बाबाची आठवण येते ना?' एवढंच विचारलं तर खांद्यात तोंड खुपसून हुंदके द्यायला लागला. चावू मात्र द्यायचं नाही हं, हात धरून हळू आवाजात 'दुखतं, चावायचं नाही' सांगायचंच. हल्ली संध्याकाळी आम्ही दोघं जेटीवर बसून परतणाऱ्या बोटी मोजतो.