नवी ब्रूअरी, छोटे बॅच: ब्रूहाउस ५ हेक्टोलिटरचं की १०चं?

गाळेवाला_अंधेरी
अंधेरी पूर्वेला तळमजल्याचा गाळा बघितलाय. गव्हाची बिअर, पेल एल, स्टाउट आणि जमलं तर लागर काढायची आहे. सप्लायर म्हणतो, ब्रूहाउस (माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, शिजवायची भांडी) १० हेक्टोलिटरचंच, म्हणजे एका ब्रूला हजार लिटरचं घ्या, पुढे कमी पडायला नको. मला ५ पुरेसं वाटतं. जाणकारांनी सांगावं.

वर्टवाली
दादा, ५च घ्या आणि वाचलेले पैसे बिअर आंबवायच्या टाक्यांत आणि चिलरमध्ये (गार करायच्या यंत्रात) घाला. महिन्याला किती बिअर निघणार हे ब्रूहाउसवर नाही, टाक्यांवर ठरतं. एल (तुमची गव्हाची, पेल एल, स्टाउट याच जातीच्या) टाकीत दोन-तीन आठवडे बसते, थंडीत सावकाश आंबणारी लागर पाच-सहा. माझं मत, दोन टाक्या ५च्या आणि दोन १०च्या. जी बिअर खपते तिचे लागोपाठ दोन ब्रू मोठ्या टाकीत सोडायचे, नवा प्रयोग छोटीत. टाकीचा आकडा बिअर भरायचा की टाकीच्या एकूण मापाचा, हे कोटेशनवर लिहून घ्या. वर पाव भाग तरी रिकामा हवा, गव्हाच्या बिअरचा फेस उसळून येतो.

आता चिलर. इथे मे महिन्यात नळाचं पाणीच तिशीच्या घरात असतं. उकळतं वर्ट (माल्टचा गोड काढा) प्लेट हीट एक्स्चेंजरमधून, म्हणजे पत्र्यांपलीकडून वाहत्या पाण्याने गार करत, काढलं तरी ते त्या पाण्यापेक्षा खाली उतरणार नाही, आणि एलच्या यीस्टला वीसच्या आसपास लागतं. म्हणून थंड पाण्याची वेगळी टाकी, निदान एका बॅचएवढी, रात्रभर ग्लायकॉलवर (चिलरमधून फिरणारं, सहज न गोठणारं द्रव) गार करून ठेवायची. वर्ट गार करताना तापलेलं पाणी पुढच्या ब्रूला वापरा. चिलरची क्षमता ४० अंश हवेला किती, हे विचाराच. कोंदट गाळ्यात कंडेन्सरला तेवढं सोसावं लागतं.

चोथा_आणि_चाळण
ताईंशी सहमत. ५च्या एका ब्रूला शंभरेक किलो माल्ट जातं आणि ओला चोथा त्याहून जड निघतो. मॅश टनला (माल्ट गरम पाण्यात भिजवायच्या भांड्याला) खाली, बाजूला दार हवंच. वरून फावड्याने उपसत बसलात तर कमरेचा काटा ढिला होईल. आपल्या दमट हवेत चोथा दिवसभरात आंबतो, तेव्हा तो गुरांसाठी नेणाऱ्या तबेलेवाल्याशी आधीच बोलून ठेवा. जमिनीला उतार आणि थ्री-फेजचा लोड गाळा घेण्याआधी तपासा.

गाळेवाला_अंधेरी
खूप आभार. मग लागर पहिल्या वर्षी नको?

वर्टवाली
नको. एक लागर उतरेपर्यंत त्याच टाकीतून दोन एल निघतात. पाचवी टाकी आली की करा, तिची जागा मात्र आत्ताच आखून ठेवा आणि ग्लायकॉलच्या पाइपला तिथे व्हॉल्व्ह काढून ठेवा.