भजनी मंडळासाठी आपोआप ठेका देणारा कीबोर्ड, कोणता घेऊ?

सांगलीची_गवळण
आमचं महिला भजनी मंडळ दर गुरुवारी दत्ताच्या देवळात बसतं. पेटी मी वाजवते. तबल्याला बसणारा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि दुसरा कुणी मिळेना. कीबोर्डवर डाव्या हातानं कॉर्ड (एकत्र दाबलेले दोन-तीन सूर) धरली की ठेका, बेस (खालचे भरदार सूर) सगळं आपोआप वाजतं असं पाहिलंय. बजेट 12,000, त्याच्या वर वर्गणी जात नाही. भजनी ठेका, केरवा, दादरा हवेत. देवळात लाईट जाते, म्हणून सेलवर चालणारा हवा. आणि पेटीवालीला हे जमेल का?

ऑर्केस्ट्रा_दादा
ताई, डोळे झाकून यामाहा पीएसआर-एसएक्स600 घ्या. लग्नाच्या सुपाऱ्या आम्ही त्याच्यावरच मारतो. सुरुवातीचा इंट्रो, चार मेन ठेके, मधले फिल-इन, शेवटचं एंडिंग, सगळं बोटाखाली. थोडं बजेट वाढवा, एकदाच घ्यायची वस्तू आहे.

काळी_पाच
एसएक्स600 सेलवर चालत नाही हो, आणि किंमत त्यांच्या बजेटच्या कितीतरी पट. यामाहाचा पीएसआर-आय500 घ्या. मला 22,000ला पडला. खास भारतासाठी काढलाय, आपले ताल आहेत, शिवाय रियाझ म्हणून सोय आहे, त्यात तबला आणि तानपुरा एकत्र वाजतात. मुलीचा गाण्याचा क्लास त्याच्यावरच चालतो. तिला परवा परीक्षेत पहिला वर्ग मिळाला.

टाळकरी
भजनात यंत्र नको. गजर चढत जातो तसा तबलजी लय वाढवत नेतो, यंत्र आपलं तिथल्या तिथे. आमच्याकडे एकांनी आणला होता, मधल्या आलापात बुवा थांबले तरी ठेका ढणढण चालूच! कार्यक्रमाचा विचका झाला. गावात एखादा पोरगा तयार करा, वर्षभरात हात बसतो.

काळी_पाच
@टाळकरी, पेटीबद्दलही लोक हेच म्हणायचे. आकाशवाणीनं 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली, ती 1971 पर्यंत टिकली. आज पेटीशिवाय भजन होतं का?

टाळकरी
पेटी माणूस वाजवतो. ठेका यंत्रानं द्यायचा, हा मुद्दा वेगळा आहे.

सुरेल_कोल्हापूर
आय500च घ्या. माझ्या भावाकडे आहे, मस्त आहे.

भाता_आणि_बोटं
ताई, मी पेटीवरून कीबोर्डवर आलोय, म्हणून सविस्तर लिहितो. आपला डावा हात आयुष्यभर भात्यावर असतो, त्याला सूर ठाऊकच नसतात. कीबोर्डवर भाता नाही, म्हणून तो हात मोकळा होतो खरा, पण त्याला कॉर्ड शिकवाव्या लागतात. त्यासाठी एका बोटाची सोय असते, मात्र कंपनीप्रमाणे नियम वेगळे. यामाहावर एकच पट्टी दाबली की मेजर (शुद्ध गंधाराची कॉर्ड), तिच्या डावीकडची जवळची काळी सोबत घेतली की मायनर (कोमल गंधाराची). कॅसिओवर मायनरसाठी उजवीकडची कुठलीही एक पट्टी सोबत दाबायची. एका ब्रँडवर हात बसला की दुसऱ्यावर गोंधळ होतो, म्हणून घेण्याआधी ठरवा.

आता महत्त्वाचं. अभंगाला कॉर्ड लावू नका. भूप रागातला अभंग घ्या, सा पांढरी एक, म्हणजे इंग्रजीतला सी. त्यात म आणि नी वर्ज्य. सी मेजर आणि ए मायनर या दोन कॉर्डचे सगळे सूर भूपात बसतात, पण सवयीनं एफ धरलात की म आला आणि जी धरलात की नी आला. राग तिथेच बिघडतो, आणि गाणाऱ्या बायकांचा सूर बेसच्या मागे जायला लागतो. त्यापेक्षा अकंपनिमेंटचं (आपोआप साथीचं) बटण बंद ठेवून स्टाईल, म्हणजे तयार ठेका, सुरू करा. मग फक्त तालवाद्यं वाजतात, बेस आणि कॉर्ड गप्प. तुम्हाला तेवढंच हवंय. दोन्ही हात सुरांना मोकळे.

टाळकरी म्हणतात ती अडचण खरी आहे, पण उपाय आहेत. कॉर्ड वाजवताना सिंक स्टॉप लावला की डावा हात उचलताच ठेका थांबतो, परत ठेवला की सुरू. नुसत्या ठेक्यावर स्टार्ट-स्टॉपचं बटण वापरायचं. गजराला लय वाढवायची तर टेम्पोचं बटण एक-एक आकड्यानं वर न्या, दोन आवर्तनांत कुणाला कळतही नाही. आणि मंडळ काळी एकमध्ये गात असेल तर ट्रान्सपोज (सगळे सूर वर-खाली सरकवणारं बटण) एकनं वाढवा, बोटं पांढरी एकच्याच जागी राहू द्या. कोणताही 61 पट्ट्यांचा घ्या, त्याहून लहान नको, डाव्या हाताचा भाग वगळल्यावर गळ्याला सूर पुरत नाहीत.

ऑर्केस्ट्रा_दादा
कॉर्ड बंद ठेवायच्या तर कीबोर्ड कशाला? साठ-सत्तर हजारांत आमच्याकडे बघा काय साउंड येतो ते. परवा हळदीला पब्लिक हलेना.

निवृत्त_लाइनमन
कुठलाही घ्या, पण ॲडॉप्टर बाजारातला भलताच लावू नका. आमच्या देवळातल्या कीबोर्डाला मंडपवाल्यानं जास्त व्होल्टचा लावला आणि बोर्ड जळाला. दुरुस्तीवाल्यानं तो महिनोन्‌महिने ठेवून तसाच परत दिला.

सुरेल_कोल्हापूर
जुना मात्र घेऊ नका. आय500 नवाच घ्या.

सांगलीची_गवळण
सगळ्यांचे आभार. आय500 बजेटात बसत नाही. मिरजेतल्या एका दुकानात कॅसिओचा जुना सीटीके-7300आयएन बघितला, 9,000 म्हणतात. आपले ताल आहेत. सहा मोठे सेल घालून तिथंच वाजवून पाहिला, दोघी मैत्रिणी सोबत गायल्या. तोच घेतेय, उरलेल्या पैशांत माईकचा स्टँड येईल.
भाता_आणि_बोटं दादा, अभंगाला नुसता ठेका, हे पटलं. पण गवळणींना मी कॉर्ड चालू ठेवणार. दुकानात लावून पाहिलं तेव्हा आमच्या मावशींचा आवाज असा खुलला की आता ते सोडवत नाही.

भाता_आणि_बोटं
गवळणीला चालेल, चाल बघून कॉर्ड निवडा. पैसे देण्याआधी प्रत्येक पट्टी हळू आणि जोरात वाजवून बघा, जुन्यात दोन-चार पट्ट्या एकाच जोरानं वाजतात. ट्रान्सपोजचं बटण आणि आवाजाची चकतीही तपासा, चकती फिरवताना खरखर आली तर भाव पाडून मागा.

निवृत्त_लाइनमन
आणि ॲडॉप्टर मूळचा आहे का ते विचारा. मागे छापलेले व्होल्ट जुळले पाहिजेत.