प्रतिसाद : न दिसणारा रंग पडद्यावर

आता संगणकीय दृश्यपरिणाम इतके पुढे गेल्यावर एच. पी. लव्हक्राफ्ट या अमेरिकी भयकथालेखकाच्या कथांवर चित्रपट काढायला अडचण कसली, असा वरच्या चर्चेचा सूर आहे. मला तो पटत नाही, कारण अडचण मुळात तंत्राची नव्हतीच. १९२७ साली प्रसिद्ध झालेली त्याची ‘द कलर आउट ऑफ स्पेस’ ही कथाच घ्या. गार्डनर कुटुंबाच्या शेतात उल्का पडते आणि तिच्यातला रंग माणसाला ठाऊक असलेल्या वर्णपटात कुठेच बसत नाही. त्या वर्षी बागेतली फळे कधी नव्हे इतकी मोठी आणि तुकतुकीत होतात, पण तोंडात घालवत नाहीत. वाचकाच्या डोळ्यांपुढे तो रंग कधीच येत नाही, आणि भीती नेमकी तिथेच आहे. कॅमेऱ्याला मात्र कुठला तरी रंग निवडावाच लागतो.

याच कथेवरच्या रिचर्ड स्टॅन्लीच्या २०१९ च्या चित्रपटात तो झगझगीत जांभळट गुलाबी आहे. देखणा आहे, पण ओळखीचा. ह्वान वूने २०१० च्या ‘डी फार्बे’ या जर्मन चित्रपटात जवळपास तीच छटा घेतली, पण बाकी सारे जग कृष्णधवल ठेवले, त्यामुळे तो रंग त्या जगाचा नाही, हे एकही संवाद न खर्चता पटते. हा निर्णय पटकथेच्या टप्प्यावरचा आहे, आणि त्याला फार मोठे अंदाजपत्रकही लागत नाही.